२.९५ डॉलरचा बकासुर

मामा मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये होता. दीड-दोन वर्षांनी यायचा, तेव्हा मी आणि बाबा त्याची बॅग उचलायला कॉटन ग्रीन स्टेशनवर जायचो. १९८२च्या मे महिन्यात तो आला, तो ह्यूस्टनला लागून आलेला. आईला सेंटची बाटली, बाबांना दाढीची ब्लेडं, आणि मला एक प्लॅस्टिकची पिशवी. तळहाताहून जराशी मोठी. आत एक बारीक चोपडं, घडी घातलेला नकाशा आणि छोटे छोटे चौकोन छापलेला पातळ पुठ्ठा. फासा नाही, सोंगट्या कापलेल्या नाहीत. वर रणगाड्याचं चित्र.

"कॉमिक वाटलं म्हणून घेतलं. तीन डॉलर पडले," मामा म्हणाला, आणि पिशवीतून कॉमिक निघालं नाही म्हणून बिचारा स्वतःच ओशाळला.

वर चार इंग्रजी अक्षरं होती. बाबांनी ती एकेक लावून वाचली. "ओ-ग्रे. ओग्रे? हे कुठले, देवरुखचे?" शाळेच्या डिक्शनरीत पाहिलं तर अर्थ निघाला माणसं खाणारा राक्षस. आजी म्हणाली, म्हणजे बकासुर. अभ्युदयनगरातल्या आमच्या मजल्यावर त्या खेळाचं नाव तेव्हापासून बकासुर पडलं. त्याचा खरा उच्चार 'ओगर' असा काहीसा आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर फार उशीर झाला होता.

या खेळाला जगात मोठा मान आहे आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. विज्ञानकथेवरच्या युद्धखेळांची यादी कुणीही केली, तरी 'ओगर' तिच्यात वरच्या पाच-सातांत असतो. तरीही त्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक तो ज्या देशात जन्मला तिथले. त्यांच्या लिखाणात एक गोष्ट मला कधी सापडली नाही. हा खेळ कॉटन ग्रीनला आला आणि आमचा झाला, हे कसं जमलं? त्याच दुकानात शेजारी ठेवलेले बाकीचे युद्धखेळ आले असते तर आमचे झाले नसते, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

आधी ते बाकीचे खेळ. टेबलावर युद्ध खेळायचा छंद जुना आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याचा 'क्रीगश्पील' अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला गेला. १९१३ साली एच. जी. वेल्सने, म्हणजे मंगळावरून पृथ्वीवर होणाऱ्या स्वारीची कादंबरी लिहिणाऱ्या त्याच वेल्सने, शिशाच्या शिपायांनी लढाई कशी खेळावी यावर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. या छोट्या लढाईत एवढा गोंधळ होतो तर खऱ्या मोठ्या युद्धात किती होत असेल, असंही त्याने त्यात लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. गंमत म्हणजे विज्ञानकथा आणि युद्धखेळ या दोन्हींचा एक पूर्वज एकच माणूस असूनही दोघांची गाठ पडायला पन्नासेक वर्षं जावी लागली.

दरम्यान अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स या माणसाने १९५४ साली 'टॅक्टिक्स' हा खेळ बाजारात आणला आणि १९५८ साली ॲव्हलॉन हिल ही कंपनी काढली. पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, त्यावर मारा आणि चाल यांचे आकडे, आणि दोन बाजूंच्या ताकदीचं गुणोत्तर काढून फासा टाकायचा, ही पद्धत इथून रुळली. पुढे पटावर चौकोनांऐवजी मधाच्या पोळ्यासारखे षटकोन आले. बुद्धिबळाच्या पटावर उंट तिरका जातो तेव्हा तो हत्तीपेक्षा एका घरात जास्त अंतर कापतो, हे आपल्या कधी मनात येत नाही. लढाईच्या नकाशावर ते चालत नाही. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात.

आणि मग हे खेळ फुगत गेले. १९७४ साली न्यूयॉर्कच्या एसपीआय कंपनीने रशियाच्या आघाडीवरचा 'वॉर इन द ईस्ट' काढला, त्यात दोन हजारांच्या आसपास सोंगट्या होत्या. याच कंपनीच्या १९७९च्या उत्तर आफ्रिकेच्या खेळात इटालियन सैनिकांना पास्ता शिजवायला जास्तीचं पाणी पुरवावं लागे, असा नियम होता. तो रचणाऱ्याने थट्टेत घातला म्हणतात, पण असले नियम गंभीरपणे पाळणारी माणसं होती म्हणून तर थट्टा जमली. या खेळांना मोठं टेबल लागे, रिकामी खोली लागे, महिनोन्‌महिने न हलवता मांडून ठेवलेला पट लागे. आमच्या खोलीत रात्री माणसं झोपायला लागली की पट उचलावाच लागायचा.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात हॉवर्ड थॉम्पसन या गृहस्थाची मेटागेमिंग नावाची छोटी कंपनी होती. त्याने उलटा विचार केला. खिशात मावेल, तासाभरात संपेल आणि तीन डॉलरच्या आत मिळेल असा खेळ का नको? 'मायक्रोगेम' असं त्याने मालिकेचं नाव ठरवलं आणि पहिला खेळ रचायचं काम विशीतल्या स्टीव्ह जॅक्सनला दिलं. (इंग्लंडातही त्याच काळात खेळ करणारा दुसरा एक स्टीव्ह जॅक्सन होता. तो गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या संस्थापकांपैकी. दोघांची गल्लत जाणकारसुद्धा करतात.) १९७७ साली 'ओगर' निघाला. किंमत २.९५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंचविसेक रुपये.

या किमतीत काय बसतं? एक छोटा नकाशा, शंभरेक सोंगट्या, थोडी पानं. एवढ्यात दोन सैन्यांचं युद्ध मांडलं असतं तर ते मोठ्या खेळाची फाटकी नक्कल झालं असतं. जॅक्सनने एका बाजूला पूर्ण सैन्य ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला एकच सोंगटी.

साल २०८५. ती एक सोंगटी म्हणजे माणसाशिवाय चालणारा, स्वतः विचार करणारा महाकाय रणगाडा. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. कीथ लॉमर या लेखकाच्या 'बोलो' नावाच्या विचारी रणगाड्यांच्या कथा १९६०पासून येत होत्या, कॉलिन कॅपची 'गॉटलोस' ही कथा १९६९ची. हे ऋण जॅक्सनने कधी लपवलं नाही. पण कथेतला राक्षस भयंकर आहे हे लेखक सांगतो म्हणून आपण मानतो. पटावर ते सिद्ध करावं लागतं. त्यासाठी जॅक्सनने राक्षसाला सोंगटीवरून काढून कागदावर नेलं. मार्क ३ जातीच्या ओगरचा एक तक्ता असे: मोठी तोफ १, दुय्यम तोफा ४, माणसं मारायच्या बंदुका ८, क्षेपणास्त्रं २ आणि चालायच्या पट्ट्यांचे ४५ चौकोन. मार बसेल तसं एकेक खोडत जायचं. पंधरा पट्टे गेले की त्याची चाल ३ची २ होते, तीस गेले की १, सगळे गेले की तो जागच्या जागी बसतो. तुमचा रणगाडा एका फाशात मरतो, हा मात्र कणाकणाने मरतो, आणि मरता मरता पुढे येतच राहतो.

समोरच्याकडे १२ वाहनं आणि २० ताकदीचं पायदळ. वाहनांत जड रणगाडे, क्षेपणास्त्र गाड्या, हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या वेगवान गाड्या आणि हॉवित्झर तोफा. एक हॉवित्झर दोन वाहनांच्या हिशेबात. (हॉवित्झर हा शब्द बोफोर्समुळे घरोघरी पोचला, तो यानंतर पाच वर्षांनी. आमच्या मजल्यावर तो आधीच ठाऊक होता.) ओगर नकाशाच्या दक्षिण टोकाने शिरतो, उत्तरेला असलेलं ठाणं उडवायचं आणि जमलं तर परत जायचं. बाकीच्यांनी त्याला अडवायचं. इतकंच.

नियम मी वाचायचो आणि बाबांना मराठीत सांगायचो. सातवी-आठवीचं माझं इंग्रजी, त्यामुळे काही नियम आमच्याकडे पहिल्यापासूनच वेगळे होते. बाबा घरी होते. १८ जानेवारीपासून संप होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडलेले, मुंबईतल्या साठ-पासष्ट गिरण्यांचे भोंगे बंद. सुरुवातीला सभा असायच्या, मोर्चे असायचे. मे महिन्यापर्यंत बरेच शेजारी बायकापोरांना घेऊन गावी गेले होते. आम्ही राहिलो, कारण गावच्या घरात काकांचंच भागत नव्हतं. दुपारी गॅलरीत बसून माणसं बुद्धिबळ खेळायची. बाबा त्यात चांगले होते.

ते बकासुर इतक्या चटकन शिकतील असं मला वाटलं नव्हतं. मार मोजायचा तक्ता गुणोत्तराचा होता: एकास दोन, एकास एक, दोनास एक, तीनास एक, चारास एक. मला तो पाठ करावा लागला. बाबांनी एकदा पाहिला आणि म्हणाले, "हा भाव आहे." कॉटन ग्रीनला राहणाऱ्या माणसाला भाव कळणारच. स्टेशनाच्या पूर्वेला कापसाच्या गोदामांच्या रांगा आणि ती हिरवी कॉटन एक्स्चेंजची इमारत. एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे सुरुवातीचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत, आणि त्यांच्या आकड्यांवर अख्खी गिरणगावची वस्ती पैसे लावी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले आणि आकडा मडक्यातून निघू लागला, तो मटका. बाबांनी तरुणपणी आकडा लावला होता, हे मला त्या दुपारी कळलं. आईने आतून "हो, सांगा पोराला" म्हटलं.

बाबांनी आणखी एक गोष्ट शोधली. ओगरच्या तोफांवर मारा केला तर गुणोत्तर बदलतं, पण पट्ट्यांवरचा मारा नेहमी एकास एकनेच मोजतात. म्हणजे फाशावर पाच किंवा सहा पडला तरच लागतो, आणि लागला तर माऱ्याच्या ताकदीइतके पट्टे जातात. तिनातला एक नेम. बाबांनी पेन्सिलीने पाठीमागच्या कॅलेंडरवर हिशेब केला: ४५ पट्टे पाडायला १३५ ताकदीचा मारा लागेल. जड रणगाड्याची ताकद ४, म्हणजे एकाच रणगाड्याला चौतीस वेळा नेम धरावा लागेल, आणि तो तर दुसऱ्या फेरीतच मरतो. "म्हणजे सगळ्यांनी मिळून, आणि लांबून," ते म्हणाले. "पण कुणीतरी जवळ जायला पाहिजेच. नाहीतर तो लांबच्यांपर्यंत पोचतो."

मी नेहमी बकासुर व्हायचो. कोण नाही होणार? बाबा कधीच झाले नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "एकट्याला हलायला काय लागतं? हे बत्तीस जण हलवून दाखव." पायदळाच्या सोंगट्या तोडून वेगवेगळ्या केल्या की त्यांची संख्या खरंच तेवढी व्हायची.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी या खेळाचा इतिहास वाचला, तेव्हा एका गोष्टीने चकित झालो. पहिल्या आवृत्तीत तरंगत्या गाड्या चार घरं जायच्या, मारा करायच्या आणि पुन्हा चार घरं पळायच्या. म्हणजे ओगरच्या माऱ्याबाहेरून येऊन, मारून, पुन्हा बाहेर. खेळाडूंच्या लक्षात आलं की सगळ्या बारा गाड्या त्याच घेतल्या तर राक्षसाला काही करताच येत नाही. दुसऱ्या आवृत्तीत जॅक्सनने त्यांची माऱ्यानंतरची चाल चारवरून तीन केली. एका घराचा फरक, पण खेळ वाचला. ह्यूस्टनच्या दुकानदाराने मामाच्या गळ्यात जुना माल मारला असावा, कारण आमच्या चोपड्यात चारच होते. तळमजल्यावरच्या एका मुलाने बारा तरंगत्या गाड्या घेऊन मला सलग सहा डाव हरवलं, तेव्हा आम्ही पंचायत भरवली आणि ठरवलं की चारपेक्षा जास्त तरंगत्या गाड्या घ्यायच्या नाहीत. आमचा तोडगा जॅक्सनच्या तोडग्याइतका देखणा नव्हता, हे कबूल. पण रोग आम्हीही पकडला होता.

तो तळमजल्यावरचा मुलगा आमच्या सोंगट्यांनी खेळत नव्हता. त्याने स्वतःचा संच केला होता. सिगारेटच्या पाकिटांचे तुकडे, कार्बन पेपर लावून उतरवलेला नकाशा, लुडोचा फासा. त्या वर्षाच्या गणपतीपर्यंत इमारतीत तीन संच होते. तिसऱ्या संचाचा नकाशा तर आमचाच होता: दक्षिणेकडून येणारा बकासुर रेल्वेरूळ ओलांडतो, गोदामांच्या भिंती म्हणजे मूळ नकाशातल्या ढिगाऱ्याच्या रेषा, शिवडीचा चिखल म्हणजे कुणालाच न ओलांडता येणारे खड्डे, आणि ठाणं कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीत. षटकोन काढताना कंपासपेटीतल्या कर्कटकाची पार वाट लागली. कायद्याच्या भाषेत ही चोरीच. आम्हाला तसं वाटलं नाही, आणि आज वाटावं का, यावर माझं मन अजून ठरलेलं नाही.

आता त्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे. गेटिसबर्गच्या लढाईचा खेळ मामाने आणला असता तर काय झालं असतं? कोण कुणाशी आणि कशासाठी लढलं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ऐतिहासिक युद्धखेळाचं मर्म जर-तरमध्ये असतं, आणि जर-तर लागतो आपल्या जखमेला. आपल्याला पानिपतचं लागतं. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये प्राध्यापक गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोचतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती कथा वाचताना मराठी माणसाच्या पोटात जे हलतं, ते टेक्सासमधल्या वाचकाच्या हलणार नाही. तसंच उलट. २०८५ साल मात्र कुणाच्याच वाडवडिलांचं नव्हतं. तिथे कुणी आधी हरलेलं नव्हतं. ऑस्टिनचा जॅक्सन आणि अभ्युदयनगरातला गिरणी कामगार दोघेही त्या सालाला सारखेच परके, म्हणून सारखेच मालक. विज्ञानकथेला आपल्याकडे पळवाट म्हणून हिणवायची रीत आहे. मला वाटतं त्या वर्षी बाबांना ती पळवाट नव्हती. पण हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

आम्ही हे खेळत होतो तेव्हा तिकडे खऱ्या मालकीची भांडणं होऊन गेली होती. १९८०मध्ये जॅक्सन मेटागेमिंगमधून बाहेर पडला आणि त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. कोर्टकचेरीनंतर 'ओगर' आणि त्याचा १९७८चा पुढचा भाग 'जी.ई.व्ही.' त्याला मिळाले, पण त्याचाच 'द फँटसी ट्रिप' थॉम्पसनकडे राहिला. १९८३मध्ये मेटागेमिंग बंद पडली आणि तो खेळ तसाच अडकून राहिला. अमेरिकन कॉपीराइट कायद्यातली तरतूद वापरून जॅक्सनने तो परत मिळवला २०१७ साली. स्वतः रचलेल्या खेळासाठी एवढी वर्षं! १९९० साली त्याच्या कचेरीवर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसची धाडही पडली. संगणक जप्त झाले, छापायला जायच्या तयारीत असलेल्या एका खेळपुस्तकाचा मजकूर गेला. पुढे तो खटला त्याने जिंकला. ती वेगळी आणि लांबलचक गोष्ट आहे.

दरम्यान विज्ञानकथेचे युद्धखेळ भलतेच वाढले होते. १९८४ला 'बॅटलटेक' आला, १९८७ला गेम्स वर्कशॉपचा 'वॉरहॅमर ४०,०००'. त्या दुसऱ्याची मूर्तींची फौज विकत घ्या, रंगवा, नवी आवृत्ती आली की नवी फौज घ्या, असा कारभार. त्यात देखणेपणा आहे, नाकारत नाही. पण सिगारेटच्या पाकिटातून तो कापता येत नाही.

'ओगर'लाही हे सुख मिळालं. २०१२ साली जॅक्सनने लोकवर्गणीतून त्याची आलिशान आवृत्ती काढायचं ठरवलं. मागितले होते २०,००० डॉलर, जमले ९,२३,६८०. लोकांनी पैसे देत जावं आणि खोका भरत जावा, असं होऊन शेवटी त्याचं वजन तेरा किलोच्या आसपास गेलं. पुण्यातल्या एका ओळखीच्यांकडे मी तो पाहिला. जाड पुठ्ठ्याचे, खाचांत खाचा बसवून उभे करायचे ओगर, टेबलभर नकाशे. मी खोका दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि हसू आलं. खिशात मावावा म्हणून जन्मलेला खेळ आणि त्याला हमाल लागतोय. आम्ही एक डाव खेळलो. नियम तेच होते. मी नकळत पहिल्यांदा बचावाच्या बाजूला बसलो आणि सहाव्या फेरीत ठाणं घालवून बसलो.

जॅक्सनलाही हे कुठेतरी जाणवलं असावं. पुढे त्याने छोटी आवृत्ती पुन्हा काढली, पूर्वीच्याच किमतीला, २.९५ डॉलरला. भारतात मागवायची तर टपालखर्च खेळाच्या कितीतरी पट होतो. मी मागवली नाही.

मामाची पिशवी मी दहावीत असताना रद्दीत गेली. सिगारेटच्या पाकिटांचा संच कुणाकडे राहिला कळलं नाही. संप कुणी मागे घेतल्याचं जाहीर झालंच नाही. बाबांना १९८४ला एका गोदामावर रखवालदाराचं काम मिळालं, रात्रपाळीचं. जाताना पहिले काही दिवस ते फासा खिशात घालून न्यायचे. तिथे दुसरा रखवालदार होता, त्याला शिकवतो म्हणाले. त्याला राक्षस व्हायचं होतं म्हणे.